‘अ डॉल्स हाउस’ आणि स्त्रीवादी समीक्षा : सिद्धांत संहितेला नेमका कुठे लावायचा?

प्रश्न : पानगळ

नमस्कार. एम. ए.च्या निबंधासाठी मी हेन्रिक इब्सेन यांचे ‘अ डॉल्स हाउस’ हे १८७९ चे नाटक निवडले असून, स्त्रीवादी समीक्षेच्या आधारे त्यातील लैंगिक भूमिकांचे परीक्षण करणे हा निबंधाचा विषय आहे. पहिला खर्डा मार्गदर्शकांनी परत केला. त्यांचा शेरा असा होता की, सुरुवातीची पाने सिद्धांताची आहेत, उरलेली कथानकाची आहेत आणि या दोहोंची कुठेच गाठ पडलेली नाही. शेरा वाचून वाईट वाटले, पण खर्डा पुन्हा वाचल्यावर तो खरा आहे हेही पटले. मी सिमोन द बोव्हार, केट मिलेट, इलेन शोवॉल्टर आणि ज्युडिथ बटलर या स्त्रीवादी विचारवंतांच्या मतांचा सारांश दिला होता. त्यानंतर टोर्वाल्ड हेल्मर हा पितृसत्तेचा प्रतिनिधी आहे, तो पत्नी नोराला बाहुलीसारखे वागवतो, शेवटी ती दार आपटून घर सोडते आणि म्हणून हे नाटक स्त्रीवादी आहे, असा निष्कर्ष काढला होता. हे तर कोणताही सिद्धांत न वाचताही लिहिता आले असते.

दुसरी अडचण अधिक गंभीर आहे. १८९८ मध्ये नॉर्वेतील स्त्री-हक्क संघटनेने इब्सेन यांचा सत्कार केला, तेव्हा त्यांनी भाषणात सांगितले की, आपण स्त्री-हक्क चळवळीसाठी जाणीवपूर्वक काही लिहिलेले नाही, ती चळवळ म्हणजे नेमके काय हेही आपल्याला पुरते स्पष्ट नाही आणि आपले काम माणसांचे चित्रण करण्याचे होते. लेखकच असे म्हणत असेल, तर स्त्रीवादी वाचन ही आपण बाहेरून लादलेली गोष्ट ठरते का?

जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद : जुनी_प्रत

आपल्या दुसऱ्या अडचणीपासून सुरुवात करतो, कारण ती सुटल्याशिवाय पहिलीकडे निर्धास्तपणे वळता येणार नाही.

१८९८ चे ते भाषण फार वापरले गेले आहे, आणि बहुतेक वेळा ते एकाच हेतूने पुढे केले जाते : नोराचा प्रश्न स्त्रीचा नसून ‘माणसाचा’ आहे, असे म्हणून विषय मिटवण्यासाठी. जोन टेम्पलटन यांनी १९८९ मध्ये ‘पीएमएलए’ या नियतकालिकात लिहिलेल्या लेखात समीक्षेतील याच सवयीची झाडाझडती घेतली आहे. नोराचे स्त्रीपण बाजूला काढले की तिच्या वाट्याला आलेल्या अडचणीतले काय उरते, हा प्रश्न आपणही स्वतःला विचारून पाहावा. तिने कर्ज काढले ते नवऱ्याच्या प्रकृतीसाठी. मात्र नवऱ्याच्या संमतीशिवाय पत्नीला कर्ज काढता येत नाही, हे नोराची जुनी मैत्रीण श्रीमती लिंडे पहिल्याच अंकात बोलून दाखवतात. म्हणूनच वडिलांची जामीनदार म्हणून सही लागते, ती नोरा स्वतः करते आणि पकडली जाते, कारण सहीखालची तारीख वडिलांच्या मृत्यूनंतरच्या तिसऱ्या दिवसाची आहे. हा सगळा पेच ‘कोणत्याही माणसाचा’ असूच शकत नाही. पुरुषाच्या बाबतीत तो पहिल्या पायरीवरच संपला असता.

लेखकाचेच म्हणणे ग्राह्य धरायचे, तर त्याचे सगळे म्हणणे धरावे लागेल. १८७८ च्या ऑक्टोबरमध्ये, नाटक लिहिण्यापूर्वी, रोममध्ये केलेल्या टिपणांत इब्सेन यांनी नोंदवले होते की, सदसद्विवेकाचे दोन प्रकार आहेत, एक पुरुषाचा आणि त्याहून अगदी निराळा असा स्त्रीचा, आणि तरीही व्यवहारात स्त्रीचा न्याय पुरुषाच्या कायद्याने केला जातो. विवाहित स्त्रियांना स्वतंत्र मालमत्तेचा हक्क मिळावा, या १८८४ च्या मागणीवर त्यांनी ब्यर्नसन, ली आणि शेलान या लेखकांसह सही केली होती. या बाबतीत पुरुषांचे मत विचारणे म्हणजे मेंढ्यांच्या संरक्षणाविषयी लांडग्यांचा कौल घेण्यासारखे आहे, असेही त्यांनी त्या वेळी पत्रात लिहिले होते. एकाच माणसाची ही तीन विधाने आहेत, आणि त्यांतले सोयीचे तेवढे उचलणे हे संशोधन नव्हे.

अर्थात मी स्वतः लेखकाच्या हेतूवर इतका भर देणार नाही. रोलाँ बार्थ यांचा ‘लेखकाचा मृत्यू’ हा १९६७ चा निबंध आपल्या अभ्यासक्रमात असेलच. लेखकाला काय म्हणायचे होते हा अर्थाचा अंतिम निवाडा मानू नये, हा त्यातला मुद्दा इथे कामाला येतो, मात्र तो ढालीसारखा वापरू नये. ‘लेखक मेला, आता मी म्हणेन तो अर्थ’ असे बार्थ म्हणत नाहीत. अर्थ संहितेतून दाखवून देण्याची जबाबदारी उलट वाढतेच.

एक गोष्ट मात्र निबंधात जरूर घ्यावी. जर्मनीत हे नाटक व्हायचे होते तेव्हा हेडविग नीमान-राबे या अभिनेत्रीने मूळ शेवट सादर करण्यास नकार दिला, कारण आपण स्वतः मुलांना कधीच सोडून गेलो नसतो, असे तिचे म्हणणे होते. त्या काळी इब्सेन यांच्या लेखनाला तिथे कायद्याचे संरक्षण नव्हते. दुसऱ्या कोणी मोडतोड करण्यापेक्षा त्यांनी स्वतःच पर्यायी शेवट लिहून दिला : हेल्मर तिला मुलांच्या खोलीच्या दारापाशी नेतो आणि ती तिथेच कोसळते. पुढे त्यांनीच या शेवटाला नाटकावरचा रानटी अत्याचार म्हटले. इथे पाहण्यासारखे हे आहे की, प्रेक्षकांना पचण्यासाठी नाटकात बदल करायचा झाला तेव्हा तो नेमका मुलांच्या दारापाशी केला गेला. पत्नीने पतीला सोडणे कसेबसे सहन झाले असते, पण आईने मुलांना सोडणे नाही. लैंगिक भूमिकांची उतरंड कुठे सर्वांत घट्ट आहे, हे या एका बदलावरून कळते.

प्रतिसाद : समासातली_टीप

वरील प्रतिसादाशी सहमत आहे. आता पद्धतीविषयी.

आपण चार विचारवंतांची नावे एका दमात घेतली आहेत, पण ती एकाच प्रश्नाची उत्तरे देत नाहीत. शोवॉल्टर यांचे उदाहरण घ्या. १९७९ च्या ‘टुवर्ड्स अ फेमिनिस्ट पोएटिक्स’ या निबंधात त्या स्त्रीवादी समीक्षेच्या दोन वाटा वेगळ्या करतात. एका वाटेवर स्त्री वाचक असते आणि पुरुषांनी लिहिलेल्या साहित्यातील स्त्रीप्रतिमा, गृहीतके आणि मौन तपासते. दुसऱ्या वाटेवर स्त्री लेखक असते आणि स्त्रियांच्या लेखनाची परंपरा, प्रकार व भाषा हा अभ्यासाचा विषय असतो. या दुसऱ्या वाटेला त्यांनी ‘गायनोक्रिटिक्स’ म्हटले. इब्सेन यांच्या नाटकाला ती वाट लागू होत नाही, आणि तरीही विद्यार्थ्यांच्या निबंधांत हे नाव हमखास येते. आपल्या खर्ड्यात ते असेल तर काढून टाकावे. मिलेट यांचे १९७० चे ‘सेक्शुअल पॉलिटिक्स’ पहिल्या वाटेवरचे आहे. घरातले खाजगी वाटणारे संबंध हेही सत्तेचे संबंध असतात, हा त्यातला मुद्दा हेल्मर कुटुंबाच्या दिवाणखान्यात सहज तपासता येतो.

सिद्धांत संहितेला ‘लावायचा’ हा शब्दप्रयोगच मला खटकतो, कारण त्यातून संहिता ही भिंत आणि सिद्धांत हा तिच्यावर चिकटवायचा कागद आहे, असे चित्र उभे राहते. सिद्धांतातून एक प्रश्न घ्यावा, तो घेऊन संहितेच्या एका छोट्या जागेपाशी बसावे आणि ती जागा काय उत्तर देते ते ऐकावे, इतकेच मी करतो. उदाहरणादाखल तीन जागा सुचवतो.

पहिली जागा नाटकाच्या अगदी सुरुवातीची आहे. नोरा नाताळची खरेदी करून येते आणि पतीला वस्तू दाखवते : ईव्हारसाठी तलवार, बॉबसाठी घोडा आणि तुतारी, एमीसाठी बाहुली आणि बाहुलीचा पलंग. एमीच्या वस्तू साध्याच आहेत, ती लवकरच मोडून टाकील, असेही नोरा म्हणते. स्त्री जन्मत नाही, ती घडते, हे बोव्हार यांचे १९४९ चे विधान आपण सारांशात दिलेच असेल. ते विधान सारांशातून उचलून या खेळण्यांशेजारी ठेवा. इथे मुलगी घडवण्याचे काम कोणी जुलमी पुरुष करत नाही, आई करते, आणि प्रेमाने करते. शेवटच्या अंकात नोरा म्हणते की, ती आधी वडिलांची बाहुली होती, मग पतीची झाली आणि मुले तिच्या बाहुल्या झाल्या. पहिल्या काही मिनिटांतल्या त्या खरेदीचा हिशेब तिथे पूर्ण होतो. ‘टोर्वाल्ड वाईट, नोरा बिचारी’ या मांडणीत ही जागा बसतच नाही, आणि म्हणूनच ती मोलाची आहे.

दुसरी जागा नोरा आणि श्रीमती लिंडे यांच्या संभाषणातली आहे. आदल्या हिवाळ्यात कर्जफेडीसाठी नोराला मजकुराच्या नकला उतरवून देण्याचे काम मिळाले होते. रोज संध्याकाळी दार लावून घेऊन ती रात्री उशिरापर्यंत लिहीत बसे. दमून जाई, पण असे बसून पैसे कमावण्यात विलक्षण मजा होती, जवळजवळ पुरुष असल्यासारखे वाटे, असे ती सांगते. ‘पुरुष’ हा शब्द इथे शरीराविषयी काहीच सांगत नाही. एका खोलीत, दाराआड, एका कामामुळे मिळणाऱ्या स्थितीचे ते नाव आहे. लिंगभाव हा असण्यापेक्षा करण्यात असतो, हे बटलर यांच्या १९९० च्या ‘जेंडर ट्रबल’मधील प्रतिपादन समजावून सांगायला याहून नेमके वाक्य मला तरी ठाऊक नाही.

तिसरी जागा टारांटेला या इटालियन नृत्याच्या तालमीची. खोट्या सहीचे बिंग फोडणारे पत्र ज्यात आहे ती पत्रपेटी हेल्मरने उघडू नये म्हणून नोरा मुद्दाम नाच विसरल्याचे भासवते. तो शिकवत राहतो, ती अधिकाधिक बेभान नाचते, केस सुटतात, आणि मी शिकवलेले तू सगळे विसरलीस, असे तो म्हणतो. इथे बहुतेक जण बटलर यांचे नाव घेऊन ‘स्त्रीत्व म्हणजे अभिनय’ असे लिहून मोकळे होतात. ती चूक टाळावी. बटलर यांना अभिप्रेत असलेली कृती ही मनात येईल तेव्हा चढवता-उतरवता येणारी सोंगे नव्हेत. पिढ्यान्‌पिढ्या त्याच त्या कृती सक्तीने पुन्हा केल्या जातात आणि त्यांतूनच ‘नैसर्गिक स्त्री’ असल्याचा आभास घट्ट होतो, असे त्यांचे म्हणणे आहे. नोरा मात्र या प्रसंगात जाणूनबुजून सोंग करते आहे. आठ वर्षे नकळत केलेली भूमिका ती पहिल्यांदाच हत्यार म्हणून वापरते, आणि ते करताना ती भूमिका तिच्या हातून फाटते. नकळत केलेली भूमिका आणि जाणून केलेली भूमिका यांतले हे अंतर दाखवता आले, तर आपल्या निबंधाचे निम्मे काम झाले असे समजा.

पानगळ

दोघांचेही मनःपूर्वक आभार. ‘गायनोक्रिटिक्स’ खर्ड्यात होते, आणि तेही ठळक अक्षरांत. ते काढले आहे. खेळण्यांचा प्रसंग मी चार वेळा वाचूनही माझ्या नजरेतून निसटला होता. मात्र आता एक वेगळीच शंका येते आहे : आईच मुलीला घडवते असे म्हटले, तर दोष पुन्हा स्त्रीच्याच पदरात पडत नाही का?

प्रतिसाद : तिसरी_घंटा

ही शंका योग्य आहे. तिचे उत्तर शोधताना आपण सगळेच ज्या पात्राला ओलांडून पुढे गेलो, तिच्याकडे लक्ष वेधू इच्छिते. ज्या खरेदीच्या प्रसंगाविषयी वर लिहिले आहे, त्यातच पुढे मोलकरणींसाठी घेतलेल्या कापडाचा आणि रुमालांचा उल्लेख आहे, आणि म्हाताऱ्या आन-मारीला खरे तर याहून जास्त काही द्यायला हवे होते, असे नोरा स्वतःच म्हणते. ते वाक्य तिथेच विरून जाते.

आन-मारी ही मुलांना सांभाळणारी दाई आहे. तिनेच नोराला लहानपणी दूध पाजून वाढवले. दुसऱ्या अंकाच्या सुरुवातीला नोरा तिला विचारते की, स्वतःचे मूल परक्यांच्या हाती सोपवणे तुझ्या जिवाला कसे सोसले? तिचे उत्तर साधे आहे : तुझी दाई म्हणून यायचे होते, तेव्हा ते करणे भागच होते. फसलेल्या गरीब मुलीला इतकी चांगली जागा मिळाल्यावर आणखी काय हवे? तिने परक्यांकडे सोपवलेल्या मुलीची पुढे दोन पत्रे आली, एक धर्मदीक्षेच्या वेळी आणि एक लग्न झाल्यावर. इतक्यावर ते आईपण संपते.

आता नाटकाची रचना पाहा. आईने मुलांना सोडून जाणे हा युरोपभर गाजलेला, अभिनेत्रीने नाकारलेला आणि पुन्हा लिहावा लागलेला प्रसंग आहे. परंतु याच घरात एक आई असे करून बसली आहे, पडदा उघडण्याच्या कितीतरी आधी, आणि तिच्यासाठी कुठलेही दार आपटले गेले नाही. नोरा सोडते ती स्वतःला शोधण्यासाठी, आन-मारीने सोडले ते पोटासाठी. एकीच्या जाण्याला आपण कर्तेपण म्हणतो, दुसरीच्या जाण्याला नाव देण्याचे कष्टही समीक्षेने फारसे घेतले नाहीत. स्त्रीवादाने ‘स्त्री’ असे म्हणताना नेमकी कोणती स्त्री गृहीत धरली आहे, हा बेल हुक्स यांनी १९८४ च्या पुस्तकात विचारलेला प्रश्न अमेरिकेतील वंश आणि वर्ग यांच्या संदर्भातला आहे. तो जसाच्या तसा नॉर्वेतल्या मध्यमवर्गीय घरात आणून ठेवता येणार नाही हे मान्य आहे, पण त्याचा वर्गाविषयीचा भाग इथे सरळ लागू पडतो. गायत्री चक्रवर्ती स्पिवाक यांनी १९८५ च्या निबंधात शार्लट ब्राँटे यांच्या ‘जेन एअर’ या कादंबरीचे वाचन करताना दाखवले की, नायिकेचे व्यक्ती म्हणून उभे राहणे हे दुसऱ्या एका स्त्रीला माणूसपणाच्या कडेला ढकलून साधले जाते. तिथे संदर्भ साम्राज्याचा आहे, इथे तो नोकरीचा आहे. पण वाचनाची रीत तीच : नायिका मोकळी होते तेव्हा तिचे काम कोणाच्या अंगावर पडते, हे पाहायचे.

आपल्या शंकेचे माझे उत्तर यातच आहे. ‘आई मुलीला घडवते’ हे वाक्य अपुरे आहे, कारण या घरातल्या आईला घडवणारी एक पगारी आई आहे आणि तिला त्या जागी आणणारी गरिबी व लोकलज्जा आहे. दोष कोणाच्या पदरात पडतो हा न्यायालयाचा प्रश्न झाला. समीक्षेने भूमिका कोणाकडून कोणाकडे, कोणत्या मोबदल्यात जातात ते पाहावे.

प्रतिसाद : जुनी_प्रत

तिसरी_घंटा यांचे निरीक्षण उत्तम आहे, परंतु एका बाबतीत माझा मतभेद नोंदवतो. समीक्षेने आन-मारीकडे दुर्लक्ष केले असेल, नाटकाने केलेले नाही. तिला बोलायला लावणारा, आणि तेही नोराच्या प्रश्नाला उत्तर म्हणून, हा प्रसंग नाटककारानेच लिहिला आहे. कथानकाच्या दृष्टीने त्याची फारशी गरज नव्हती. ‘संहितेचे मौन’ असे म्हणण्यापूर्वी ते मौन संहितेचे आहे की वाचकांचे, हे तपासावे.

जाता जाता पुरुषांविषयी. लैंगिक भूमिका म्हटले की केवळ स्त्रियांची चर्चा होते, हेल्मर मात्र जणू भूमिकेविना जन्मला आहे. क्रोगस्टाडला, म्हणजे नोराला कर्ज देणाऱ्या बँक-कर्मचाऱ्याला, बँकेतून काढण्याचे जे कारण तो पत्नीला सांगतो, ते पाहा : तरुणपणाच्या मैत्रीमुळे क्रोगस्टाड त्याला चारचौघांत एकेरीत हाक मारतो, आणि बँकेचा नवा व्यवस्थापक म्हणून हेल्मरला ते असह्य आहे. क्रोगस्टाडने पूर्वी केलेला खोट्या सहीचा गुन्हा त्याने कदाचित पोटात घातलाही असता, पण अरे-तुरे नाही. पुरुषपण हे इतर पुरुषांच्या नजरेत टिकवावे लागते आणि त्याच्याही आत उतरंड असते, हा आर. डब्ल्यू. कॉनेल यांच्या १९९५ च्या ‘मॅस्क्युलिनिटीज’मधला विचार इथे उपयोगी पडेल. शेवटच्या अंकात, ज्याच्यावर प्रेम आहे त्याच्यासाठी कोणी आपल्या प्रतिष्ठेचा बळी देत नाही, असे हेल्मर म्हणतो, तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर कोणाची नजर आहे हे त्या एकेरी हाकेवरून कळते. लाखो स्त्रियांनी तसा बळी दिला आहे, हे नोराचे उत्तर सगळ्यांना पाठ असते. त्याआधीचे त्याचे वाक्य मात्र बहुतेकांनी खलनायकाचे म्हणून सोडून दिलेले असते.

पानगळ

आता निबंधाचे शीर्षकच बदलावे असे वाटू लागले आहे. केवळ दोन प्रसंग घ्यावेत, खेळण्यांचा आणि दाईचा, आणि नोराचे जाणे त्या दोहोंच्या मधून वाचावे, असा विचार आहे. बटलर आणि नृत्याचा भाग मोह होऊनही सोडून देते, कारण तो वेगळ्या निबंधाचा ऐवज आहे. फक्त शेवटापाशी कसे पोहोचायचे ते नीटसे दिसत नाही, कारण तिसऱ्या अंकात आन-मारी रंगमंचावर येतच नाही.

प्रतिसाद : तिसरी_घंटा

येत नाही, पण तिचा निर्देश आहे. जुनी_प्रत यांचा आक्षेप मी मान्य करते, आणि त्याचा पुरावाही इथेच सापडतो. निघताना नोरा हेल्मरला सांगते की, घरातले सगळे मोलकरणींना ठाऊक आहे, तिच्यापेक्षाही अधिक चांगले. त्याच्या काही क्षण आधीच ती म्हणालेली असते की, मुलांना ती भेटणार नाही, कारण ती तिच्याहून चांगल्या हातांत आहेत. ते हात हेल्मरचे नाहीत, हे प्रेक्षकाला दुसऱ्या अंकापासून माहीत असते : मुलांना दुसरे कोणी नसते, तर तू त्यांचे नक्कीच केले असतेस, असे नोरा तेव्हा दाईला म्हणता म्हणता थांबली होती. ते अर्धवट राहिलेले वाक्य आणि हे ‘चांगले हात’ समोरासमोर ठेवा आणि तिथूनच लिहायला सुरुवात करा. दार आपटल्याचा आवाज तुमच्या निबंधात आला नाही तरी चालेल.